सोळा हजार वर्षांची जागा

घड्याळजींच्या कानांबद्दल बाजारात ज्या गोष्टी सांगत, त्यांतल्या निम्म्या खोट्या होत्या. उरलेल्या निम्म्या ऐकून नवखा माणूस म्हणे, याही खोट्याच असणार. पण त्या खऱ्या होत्या. गिऱ्हाईक पायरीवर येऊन उभं राहिलं की ते मान वर न करता म्हणायचे, "उतरवून ठेवा. पाणी गेलंय आत." आणि गिऱ्हाईक चाट पडायचं, कारण हात धुताना घड्याळ काढायचं राहिलं ही गोष्ट त्याने घरीसुद्धा कुणाला सांगितलेली नसायची.

दुकान जिन्याखाली होतं. उंच माणसाला सरळ उभं राहता येऊ नये इतकं बुटकं, आणि दोन माणसं आत आली की तिसऱ्याने श्वास बाहेर घ्यावा इतकं अरुंद. तिथे शेहेचाळीस वर्षं त्यांनी डोळ्याला भिंग लावून काढली. भिंतीवर एकवीस घड्याळं चालू असायची. त्यांतल्या एकाची लय बिघडली तरी त्यांचा चिमटा हवेत थांबायचा. फारच अवघड दुखणं असलं तर ते घड्याळातली भोकं साफ करायची लाकडी काडी घेत, तिचं एक टोक दातांत धरत आणि दुसरं घड्याळाच्या पाठीला टेकवत. काडीतून दातांत, दातांतून कवटीत, असा आवाज आत उतरायचा. डोळे मिटून ते थोडा वेळ तसेच बसत आणि मग दुखणं सांगत. कितव्या चाकाचा कितवा दाता, इथपर्यंत.

असा हा माणूस अकरा वर्षांपूर्वी स्वतःच्या घरात बावचळून गेला होता, ती हकिकत आधी सांगायला हवी.

त्यांच्या बायकोने टपाल कचेरीच्या खिडकीमागे तीस वर्षं शिक्के मारले. तिच्या हाताला जोर होता आणि जिभेला त्याहून जास्त. पण हृदयाची एक झडप कामातून गेली. डॉक्टरांनी छाती उघडली, खराब झडप काढली आणि शर्टाच्या बटणाएवढी नवी झडप बसवली. ती घरी आली त्या दुपारी घड्याळजी खाटेशेजारी बसले होते. खोलीत कुठेतरी बारीक टिकटिक चालली होती. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून स्वयंपाकघरात ठेवलं. टिकटिक चालूच. भिंतीवरचं उतरवलं, तेही बाहेर नेलं. तरी चालूच. मग ते हळूच वाकले आणि तिच्या गळ्याजवळ येऊन थांबले.

बायको डोळे न उघडता म्हणाली, "अहो, जन्मभर लोकांची घड्याळं घरी आणलीत. आता मीच एक होऊन आलेय."

ती हसायला गेली आणि टाके दुखले म्हणून थांबली. घड्याळजींना मात्र हसू आलं नाही. ज्या आवाजावर त्यांनी पोट भरलं होतं, मुलगी शिकवली होती, तोच आवाज तिच्या बरगड्यांच्या आत चालू होता, आणि तो चालू होता म्हणून ती समोर होती. कुणा डॉक्टराने माणूस उघडला होता, भाग बदलला होता, परत शिवला होता, आणि माणूस चालत होता. घड्याळजी देवाधर्माच्या फार नादी लागणारे नव्हते. पण त्या दुपारी त्यांनी हात जोडले, कुणाला ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

पुढे रोज सकाळी चहाच्या वेळी ती विचारायची, "आज किती?" आणि ते टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून, कपातला चहा ढवळत सांगायचे, "अडुसष्ट." किंवा, "आज जरा पुढे आहेस, जिना चढलीस का?" ती नाडी धरून खातरजमा करायची. एका ठोक्याचाही फरक निघायचा नाही.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, दुकान बंद असताना, ती जिन्याखालच्या स्टुलावर येऊन बसायची. घड्याळांचा वेग तपासायच्या यंत्राचा छोटा माइक ते तिच्या गळ्याखालच्या हाडाला लावायचे आणि साठ सेकंद आवाज टिपून घ्यायचे. बरोब्बर साठ. एकसष्टावा सेकंद त्यांच्या लेखी बेशिस्त होती. फाइलला क्रमांक आणि तारीख. मुलीने दिलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर अशा एकशे सव्वीस फाइली झाल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, याचा औषधपाण्याला काही उपयोग नाही. घड्याळजी म्हणाले, बरं. आणि पुढच्या रविवारी परत माइक लावला.

गेल्या वर्षभरात एक गोष्ट घडली होती आणि तिचा त्यांनी कुणाला थांगपत्ता लागू दिला नव्हता. त्यांचे कान गेले होते. ठार बहिरे झाले नव्हते, माणसांचं बोलणं कळायचं. पण बारीक आवाज एकेक करून निघून गेले. आधी बायकी मनगटी घड्याळं गेली, मग खिशातली, आणि एका सकाळी चहाच्या टेबलावर त्यांच्या लक्षात आलं की समोरून काहीच येत नाहीये. बायकोने नेहमीप्रमाणे विचारलं, "आज किती?" ते म्हणाले, "सत्तर."

दुकानात त्यांनी काडीवर निभावून नेलं. गिऱ्हाइकांना वाटे, म्हातारा आता प्रत्येक घड्याळाला काडी लावतो, हौस आहे. आणि दुपारी दुकानात कुणी नसलं की ते हेडफोन घालून, आवाज शेवटापर्यंत वाढवून, त्या एकशे सव्वीसांपैकी एखादी फाइल ऐकत. ती घरी धडधाकट बसलेली असे, कोडी सोडवत, शेजारणीची टिंगल करत. पण तिचा तो आवाज आता फक्त त्या कॉम्प्युटरात उरला होता.

आणि तो कॉम्प्युटर एका सोमवारी लंगडायला लागला.

घड्याळजींनी त्याच्या पत्र्याला काडी लावली. आत काहीतरी गरगरत होतं आणि त्याबरोबर एक टक्, मग थांबून टक्-टक्. घड्याळ असतं तर त्यांनी त्याला महिनाभर आयुष्य दिलं असतं. त्यांनी मुलीला फोन लावला. ती परगावी असते.

"बाबा, बॅकअप कुठेय?" मुलीने विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे दुसरी प्रत. पोर्टेबल हार्ड डिस्क घ्या. आणि एक नाही, दोन घ्या."

"दोन कशाला? चांगली बघून एकच घेतो ना."

"बाबा, दोन."

"बरं, बरं," ते म्हणाले, आणि एकच आणायला गेले.

कोपऱ्यावरचं कॉम्प्युटरचं दुकान पस्तिशीतली एक बाई चालवायची. तिच्या वडिलांचं घड्याळ घड्याळजींनी तीनदा जिवंत केलं होतं, त्यामुळे तिने खुर्ची पुसून दिली आणि काउंटरवर सहा-सात डिस्का मांडल्या. तळहातात मावतील एवढ्या चपट्या डब्या. काळी, निळी, एक रबराचं कव्हर घातलेली.

"काका, ठेवायचं काय आहे? फोटो, व्हिडिओ?"

"आवाज. एकशे सव्वीस. एकेक मिनिटाचे. महिन्याला एक."

"कुणाचे?"

"बायकोचे."

"अरे वा. काकू गातात?"

"नाही," घड्याळजी म्हणाले. "नुसती चालू असते."

बाईला ते कळलं नाही, पण धंद्यात सगळं कळलंच पाहिजे असं नसतं. ती म्हणाली, "एवढं तर कशातही मावेल. पण वर्षानुवर्षं ठेवायचं असेल तर हे घ्या. माझ्याकडची सगळ्यात लहान एक टीबीची आहे."

"त्यात किती मिनिटं बसतील?"

तिने फाइल केवढी ते विचारलं, कॅल्क्युलेटर ओढला, आकडे दाबले. एकदा पाहिलं, पुन्हा दाबले. "दोन लाख मिनिटं, काका. महिन्याला एक म्हणालात ना? म्हणजे सोळा हजार वर्षांवर."

घड्याळजींनी ती काळी डबी हातात घेतली. वजन एखाद्या जुन्या खिशातल्या घड्याळाएवढं. त्यांच्या दुकानात सगळ्यात म्हातारं घड्याळ एकशे दहा वर्षांचं होतं आणि त्याच्याशी ते अदबीने वागत. ही तर दरमहा एक मिनिट याप्रमाणे सोळा हजार वर्षं भरत राहिली असती तरी भरली नसती. सोळा हजार पहिले रविवार नव्हेत, त्याच्या बारापट. त्यांच्या तोंडून नुसता हुंकार निघाला.

"आणि हमी?" त्यांनी विचारलं.

"तीन वर्षं."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघंही हसले.

मग निवड. घड्याळजींनी खिशातून काडी काढली. बाईने एकेक डिस्क जोडून दिली, त्यांनी एकेक डबी काडी लावून पाहिली. दुकानात आलेली दोन पोरं मोबाइल सोडून यांच्याकडे बघत राहिली. एक डबी मात्र अगदी गप्प होती.

"ही बंद आहे."

"चालू आहे, काका. हिच्यात फिरणारं काही नाही, नुसती चिप. पडली तरी सहसा काही होत नाही. मला विचाराल तर हीच घ्या."

"आत काही हलत नाही, मग काम करतेय हे ओळखायचं कशावरून?" त्यांनी काळी उचलली. तिच्यात एक तबकडी फिरत होती, एकसारखी, रेशमासारखी, आणि मधूनच काहीतरी हलकं हलकं सरकत होतं. "ही जिवंत आहे. ही द्या."

"ठीक आहे. पण ही उघडायची नाही हं. वर लिहिलंय."

घड्याळजींनी मान हलवली. आता यात बाईची काही चूक नाही. पण 'उघडू नये' असं लिहिलेल्या वस्तू उघडूनच ज्याने शेहेचाळीस वर्षं संसार केला, त्याला ती सूचना म्हणजे कंपनीवाल्यांचा नेहमीचा शहाणपणा वाटली. नवं घड्याळ विकतानासुद्धा आधी ते उघडून पाहायचे, मगच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे. जे पाहिलं नाही त्याच्या हवाली बायकोचा आवाज करायचा कसा? तिची छाती उघडली होती, तीही डॉक्टरांनी परत चालू करून दिली होती.

तयारी त्यांनी चोख केली. दुकानाची फळी लावली, पंखा बंद केला, धूळ बसावी म्हणून फरशीवर पाणी शिंपडलं, टेबलावर ओला कपडा पसरला. नाकातोंडाला रुमाल बांधला. बारीक स्क्रू एकेक करून क्रमाने बशीत ठेवले आणि झाकण उचललं.

आत आरसा होता. डाग नाही, ओरखडा नाही, असा आरसा त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. त्यात त्यांचाच डोळा, भिंग लावलेला, त्यांच्याकडे बघत होता. आरशाच्या कडेला एक चिमुकला हात, टोकाशी तांदळाच्या कणीपेक्षा लहान काहीतरी धरलेला. त्यांनी वायर जोडली. आरसा फिरायला लागला, इतका वेगात की स्थिर वाटावा, आणि तो हात उडी मारून आत गेला, बाहेर आला, परत गेला. त्याला काही सापडत होतं, तो काही वाचत होता. घड्याळजींनी श्वास रोखला होता आणि तो सोडायचा असतो हेच ते विसरले. आपण पाऊण आयुष्य बारीक काम केलं अशी त्यांची समजूत होती. ती तिथेच गळून पडली, आणि त्यांना वाईट वाटलं नाही, उलट भरून आलं. कुणीतरी, कुठेतरी, कुणाला दाखवण्यासाठी नव्हे, झाकणाखाली बंद करून ठेवण्यासाठी एवढं सुंदर केलं होतं.

झाकण लावलं. स्क्रू क्रमाने. एकशे सव्वीस फाइली तिच्यात उतरवल्या. सगळ्या वाजल्या. आठव्या दिवशी जुना कॉम्प्युटर शेवटचा टक् करून थांबला, तेव्हा त्यांनी त्याला निरोपाची थाप मारली आणि काळजी केली नाही.

त्या बुधवारी बायकोचं रक्त तपासून परतताना ते दोघंही कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. कॉम्प्युटर रिक्षातून आणलाच होता, त्यात नवी डिस्क घालून फाइली परत भरून घ्यायच्या एवढंच काम. दुपारची वेळ, दुकानात कुणी नाही. बायको कोपऱ्यातल्या खुर्चीवर टेकली. बाईने काळी डबी जोडली आणि थबकली.

"काका, हिचा आवाज येतोय."

घड्याळजींना ऐकू आला नव्हता. त्यांनी काडी लावली. टक्. मग थांबून टक्-टक्.

बाईने डबी उलटी करून स्क्रूकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "उघडली होती?"

खोटं बोलणं जमलं असतं तर बरं झालं असतं. "उघडली होती. पण सगळं स्वच्छ करून. धुळीचा कण येऊ दिला नाही मी."

बाई रागावली नाही, तेच त्यांना जड गेलं. ती हळू आवाजात म्हणाली, "काका, ते टोक तबकडीला टेकत नाही. वरून तरंगतं. मधलं अंतर किती असतं माहितीये? डोक्याचा एक केस घ्या. त्याच्या जाडीचे दहा हजार भाग करा. त्यातला एक."

घड्याळजी खाली बसले. केस हे त्यांच्या जगातलं शेवटचं माप होतं. त्याच्या पलीकडे काही असेल असं त्यांच्या हाताला कधी वाटलं नव्हतं. फरशीवर पाणी शिंपडून आपण कशाची तयारी केली होती, ते त्यांना आता कळलं. त्यांना लाज वाटली, आणि त्या लाजेतसुद्धा ते मनात म्हणत राहिले, केसाचा दहा हजारावा भाग, आणि ते तरंगतं.

"दुसरी प्रत कुठेय?" बाईने विचारलं.

घड्याळजी काडीचं टोक रुमालाने पुसायला लागले. बायकोने खुर्चीतून पाहिलं. "मुलीने दोन सांगितल्या होत्या," ती म्हणाली.

बाईने ती गप्प, चिपवाली डबी काढून शेजारी जोडली आणि फाइली उचलायला सुरुवात केली. पहिलीच अडकली. पडद्यावरचा आकडा हलेना.

"थांब," घड्याळजी म्हणाले. "माझा हात खाली आला की दाब." त्यांनी काडी दातांत धरली, काळ्या डबीला टेकवली आणि डोळे मिटले. लंगडणाऱ्या घड्याळाचीही एक चाल असते. चार पावलं बरी, पाचवं वाकडं. त्यांनी ती चाल शोधली. हात वर केला, वाट पाहिली, खाली आणला. बाईने बटण दाबलं. फाइल आली.

पुढचा दीड तास असाच गेला. हात वर, हात खाली. बाई सुरुवातीला पडद्याकडे बघत होती, मग नुसत्या त्या हाताकडे बघायला लागली. एका गिऱ्हाइकाला तिने दारातूनच परत पाठवलं. एकशे अठरा फाइली आल्या. मग काडीतून येणारी गरगर मंदावली, आणि थांबली. घड्याळजींनी काडी काढून घेतली.

"कुठल्या राहिल्या?" त्यांनी विचारलं.

बाईने क्रमांक वाचले. आठ होते. त्यांत पहिला क्रमांक होता.

पहिली फाइल. ती दवाखान्यातून आल्यावरच्या पहिल्या रविवारची. टाके ओले होते म्हणून माइक खांद्याला लावला होता, आणि शेवटी ती 'झालं का?' म्हणालेली ऐकू यायची. घड्याळजींनी चष्मा काढला.

"जाऊ द्या हो," बायको म्हणाली. "मी इथे बसलेय सबंध. पहिल्या मिनिटाचं काय घेऊन बसलात?"

"मला ऐकू येत नाही," ते म्हणाले. एवढं सरळ बोलतील असं त्यांनाही वाटलं नव्हतं. "तुझं. वर्ष झालं. सकाळी समोर बसतेस, आणि काही येत नाही. ते त्या डबीत होतं तेवढंच माझ्याकडे होतं. उद्या तू गेलीस तर मी काय ऐकायचं?"

बाई काउंटरखाली काहीतरी शोधायला लागली. तिथे शोधण्यासारखं काही नव्हतं.

"माहितीये मला," बायको म्हणाली.

"काय?"

"वर्षभर रोज सत्तर. ताप होता तेव्हाही सत्तर. मी काय भिंतीवर टांगलेय, रोज तेवढंच वाजायला?" ती उठून त्यांच्याशेजारच्या स्टुलावर येऊन बसली. "तुम्ही आपणहून कधी सांगताय याची वाट बघत होते. काडी कुठेय?"

काडी त्यांच्या हातातच होती. जगातल्या सगळ्या घड्याळांना त्यांनी ती लावली होती, तिला मात्र कधी लावली नव्हती. काडी बिघडलेल्या वस्तूला लावायची असते. तिला लावायची म्हणजे काहीतरी बिघडलंय हे कबूल करायचं, आणि त्यांचा जीव धजला नव्हता.

बायकोने काडीचं एक टोक धरून गळ्याखालच्या हाडावर ठेवलं. दुसरं टोक त्यांनी दातांत धरलं आणि डोळे मिटले.

आलं. खणखणीत. दातांतून, कवटीतून, सगळ्या डोक्यात. अकरा वर्षांपूर्वी घरभर घड्याळं उतरवत फिरले होते तेव्हा होतं तसंच. उलट जास्त जवळ.

बाईने न सांगता पंखा बंद केला आणि त्या शांततेत तिलाही ते ऐकू आलं. तिने आधी भिंतीकडे पाहिलं, मग स्वतःच्या मनगटाकडे, मग काकूंकडे. मग तिने हळूच विचारलं, "काका, हे टिपून ठेवू का? नवी डबी जोडलेलीच आहे. माइक आहे माझ्याकडे."

घड्याळजींनी काडी जराशी बाजूला केली. सवय जात नाही. "आज बुधवार आहे," ते म्हणाले.

"असू दे," बायको म्हणाली. "आज मी आहे ना."

त्यांनी काडी परत दातांत धरली. बाईने माइक पुढे केला आणि बटण दाबलं. साठ सेकंद झाले, तिने त्यांच्याकडे पाहिलं. हात खाली येईना. नव्वद झाले. दोन मिनिटं झाली. शेवटी बायकोच म्हणाली, "झालं का?" आणि ते तसंच्या तसं त्यात राहिलं.

निघताना घड्याळजींनी त्या गप्प डबीसारखीच आणखी एक मागितली. ती फाइल कापून साठ सेकंदांची करायची का, असं बाईने विचारलं होतं. ते नको म्हणाले. जागा भरपूर होती.

"आज किती?" रिक्षात बसताना बायकोने विचारलं.

"चौऱ्याहत्तर," काडी खिशात ठेवत ते म्हणाले.

तिने नाडी धरली, मिनिटभर मोजली आणि मान डोलावली.